सोडायचं म्हणजे नेमकं काय? वर्जनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काहीतरी सोडायचं ठरवलं की मागोमाग प्रश्न येतातच. किती दिवस? चुकून खाल्लं गेलं तर? औषध चालतं का? डोक्यातून विचार जात नसेल तर त्याला अर्थ काय? हे प्रश्न एकादशी करणाऱ्याला पडतात, रोजा ठेवणाऱ्याला पडतात आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्या पक्क्या नास्तिकालाही पडतात. काहींना दोन ओळी पुरतात, काहींना पुरत नाहीत.

संयम, वर्जन, त्याग, उपवास, पथ्य: हे सगळं एकच ना?

घराणं एक, स्वभाव वेगळे. संयमात वस्तू समोर असते आणि वापरायचीही असते, फक्त बेताने. वर्जनात ती ठरावीक काळ किंवा कायमची पूर्ण बाजूला ठेवली जाते. त्यागात मालकीच सुटते. पथ्य वैद्य सांगतात आणि ते बहुधा आजारापुरतं असतं. लंघन म्हणजे पोटाला सुट्टी. व्रतात यातलं काहीही असू शकतं, मात्र त्याला आधी संकल्प लागतो आणि शेवटी समाप्ती लागते. नेम हा व्रताचा घरगुती भाऊ: ना पूजा, ना मुहूर्त, आपलं आपल्याशी ठरलेलं.

'उपवास' या शब्दाची फोड 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणं अशी आहे. शब्दात अन्नाचा उल्लेखही नाही. जवळ कोणाच्या, हे ज्याचं त्याने ठरवायचं. भाविकाचं उत्तर अर्थातच तयार असतं.

म्हणजे जे वर्ज्य ते वाईट, असं समजायचं का?

नाही, आणि ही गफलत फार होते. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. ते स्वर बेसूर आहेत म्हणून त्यांना बाहेर ठेवलेलं नाही. दुसऱ्या रागात तेच जीव ओततात. भूपात ते येत नाहीत म्हणून भूप भूपासारखा वाटतो. काळापुरतं वर्जन असंच असतं. रमजानमध्ये दुपारी जे पाणी चालत नाही, त्याच पाण्याने सूर्यास्तानंतर रोजा सुटतो. पाण्यात काही बदललेलं नसतं.

याउलट काही गोष्टी त्या त्या धर्मात कायमच्या निषिद्ध असतात: इस्लाममध्ये मद्य, शीख रहितमर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, तंबाखू, जैन आचारात मांस. तिथे निषेधच असतो, त्याला 'मुदत' नसते. हे दोन प्रकार एकात मिसळले की माणूस एकतर उपवास सुटल्यावर अपराधी वाटून घेतो, नाहीतर कायमचा निषेध 'सणापुरता' करून टाकतो.

ज्यू परंपरेत यावर एक मजेदार वाद आहे. नाझीर म्हणजे ठरावीक काळासाठी द्राक्षं आणि मद्य, केस कापणं आणि प्रेताजवळ जाणं वर्ज्य करण्याचं व्रत घेतलेला माणूस. व्रत संपताना त्याने पापक्षालनाचं अर्पण करायचं, असं बायबलच्या गणना या ग्रंथात सांगितलं आहे. पण व्रत पाळलं, मग पाप कसलं? ताल्मुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या एका गुरूंचं उत्तर असं, की मद्याचा आनंद स्वतःला नाकारला, हेच. तिथेच दुसरं मत याच्या अगदी उलट आहे: असा माणूस पवित्र होय. दोन्ही मतं शेजारी शेजारी जपून ठेवली गेली, हे मला आवडतं.

धर्मांनी एवढं सोडायला का सांगितलं?

एकच कारण सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. 'पूर्वजांना विज्ञान माहीत होतं, पचनसंस्थेला विश्रांती मिळावी म्हणून उपवास ठेवले' हे उत्तर आज फार खपतं, पण खुद्द धर्मग्रंथ काय म्हणतात ते पाहिलं तर पचन तिथे कुठेतरी कडेला सापडतं.

प्रायश्चित्त हे एक मोठं कारण. ज्यूंचा योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा उपवास सुमारे २५ तासांचा, आणि त्यात ५ गोष्टी टाळायच्या: खाणंपिणं, अंग धुणं, तेल किंवा अत्तर लावणं, चामड्याची पादत्राणं आणि शरीरसंबंध. दुसरं कारण स्मरण. लेंट या ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचे ४० दिवस येशूच्या अरण्यातल्या ४० दिवसांची आठवण म्हणून. (राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंत मोजलं तर ४६ भरतात, कारण पाश्चात्त्य परंपरेत मधले रविवार मोजत नाहीत.) तिसरं, ईश्वराचं भान. कुराणात रोजा सांगताना 'तुमच्यात तकवा यावा म्हणून' असं कारण दिलं आहे. तकवा म्हणजे ईश्वराची जाणीव ठेवून वागणं. जैनांकडे चौथं: कर्माची निर्जरा, म्हणजे साचलेली कर्मं झडणं. तिथे अनशन हे बारा तपांपैकी पहिलं बाह्य तप आहे.

बौद्धांची भाषा यात सगळ्यांत सौम्य वाटते. पंचशील आपण 'आज्ञा' समजतो, पण पाली वाक्य आहे 'वेरमणी सिक्खापदं समादियामि'. अमुक गोष्टीपासून विरत राहण्याचं शिक्षापद मी स्वीकारतो. शिक्षापद म्हणजे शिकण्याची पायरी. कोणी वर बसून बजावलेलं नाही. विद्यार्थ्याने आपणहून घेतलेला अभ्यास आहे. स्वतः बुद्धांनी सुमारे ६ वर्षं कठोर देहदंड करून पाहिला आणि मग तो सोडून मध्यम मार्ग धरला. म्हणजे त्यांनी वर्जनाचंही एक टोक वर्ज्य केलं.

आणि एक कारण ग्रंथांपेक्षा व्यवहारात जास्त दिसतं: सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी सोडलं की सोडणं सोपं जातं. एकट्याने महिनाभर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही न पिणं बहुतेकांना जमणार नाही. सगळी वस्ती तेच करत असली की जमतं.

उपवासाला पदार्थ चालतात, मग तो उपवास कसला?

'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न. टोला रास्त आहे, पण त्यामागची समजूत अर्धी आहे. किती खायचं आणि काय खायचं, हे दोन वेगळे निर्बंध आहेत. कॅथलिक चर्चने ते वेगळे काढूनच ठेवले आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी प्रमाणावर मर्यादा: एक पूर्ण जेवण आणि फार तर दोन छोटी, वय १८ ते ५९. मांसवर्जन हा प्रकारावरचा निर्बंध, तो वयाच्या १४ व्या वर्षानंतर लागू होतो आणि मासे त्यात मोडत नाहीत.

जैनांनी तर याची अख्खी शिडी बांधली आहे. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटं काही न घेणं. बियासणं म्हणजे दिवसात दोनदा बसून जेवणं, एकासणं म्हणजे एकदा. आयंबिल म्हणजे एकदाच, तेही तूप-तेल-दूध-दही-गूळ यांच्याशिवाय, अगदी नीरस. तिविहार उपवासात फक्त उकळलेलं पाणी, चोविहारात तेही नाही. ज्याला जी पायरी झेपेल ती त्याने घ्यावी. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासातही मांस, दूध आणि अंडी जातात, पण जेवण राहतं. इथिओपियन चर्चमध्ये असे दिवस वर्षात जवळजवळ निम्मे भरतात.

तेव्हा 'काही खाल्लं म्हणजे उपवास नाही' असं नाही. दुप्पट खाल्लं तर मात्र वरच्या म्हणीला उत्तर नाही.

कोणता धर्म उपवास मानतच नाही का?

शीख गुरूंनी उपवासाला मुक्तीचं साधन मानलेलं नाही. तब्येतीसाठी कोणी केला तर तो वेगळा विषय. पण वर्जन तिथेही आहेच: मादक पदार्थ, तंबाखू, केस कापणं. पारशी धर्मातही उपाशी राहण्याला मान नाही. अन्नाशिवाय माणूस सत्कृत्य करणार कशाच्या बळावर, असा त्यामागचा विचार आहे. तरी बहमन महिन्यात अनेक पारशी मांस टाळतात. जे पोट रिकामं ठेवत नाहीत तेही काही ना काही सोडतातच.

सोडलं, पण मनातून जात नाही. मग हे ढोंगच ना?

हा खरा प्रश्न.

गीतेने तो दोन ठिकाणी घेतला आहे. तिसऱ्या अध्यायात सरळ झाडलं आहे: हातपाय आवरून बसायचं आणि मनाने विषयांचं चिंतन करायचं, तो मिथ्याचार. दुसऱ्या अध्यायात मात्र सूर समजुतीचा आहे. निराहारी माणसापासून विषय दूर होतात, पण 'रसवर्जं': गोडी तेवढी मागे राहते. ती जाते परतत्त्व दिसल्यावर. म्हणजे गोडी उरणं हा पायरीचाच भाग आहे, गुन्हा नाही. दोन्ही श्लोक एकत्र वाचले तर फरक हेतूत दिसतो: एकाला गोडी उरल्याची खंत आहे, दुसऱ्याने ती गुपचूप जोपासली आहे.

ॲरिस्टॉटलनेही दोन माणसं वेगळी केली होती. एकाला इच्छा होते आणि तो ती आवरतो. दुसऱ्याला तशी इच्छाच होत नाही. त्याच्या लेखी दुसरा श्रेष्ठ. असेल. पण पहिल्याशिवाय दुसरा होणार कसा?

याची एक फार बोलकी बाजू प्रयोगशाळेत दिसली. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना कसं पुन्हा उभं करावं, हे शोधायचं होतं. त्या तरुणांचं वजन घटलं, हे अपेक्षितच. पण त्यांचं सगळं मन अन्नाने व्यापलं: पाककृतींची पुस्तकं वाचायची, जेवण तासभर पुरवून खायचं, ताट चाटायचं. मैत्री, वाचन, लैंगिक इच्छा, सगळं मागे पडलं.

इथून एक व्यवहारी कसोटी निघते. तुमच्या वर्जनाने मनात मोकळी जागा झाली आहे, की सोडलेल्या वस्तूनेच सगळं मन बळकावलं आहे? पहिल्या आठवड्यात दुसरं होणारच. सहा महिन्यांनीही तेच असेल तर नेमाचं माप चुकलं आहे.

ब्रह्मचर्य सगळ्यांनी पाळावं असं धर्म सांगतात का?

फारसं कोणीच सांगत नाही. ब्रह्मचर्याश्रम हा शिक्षणाचा काळ, त्यानंतर गृहस्थाश्रम येतो. जैनांत साधूंना पूर्ण ब्रह्मचर्याचं महाव्रत आणि गृहस्थांना जोडीदाराशी एकनिष्ठ राहण्याचं अणुव्रत. बौद्ध उपासक एरवी कामातला दुराचार टाळतो, उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येसारख्या व्रताच्या, दिवशी अष्टशीलात (आठ नियमांत) पूर्ण ब्रह्मचर्य पाळतो. लॅटिन कॅथलिक चर्चने ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत धर्मगुरूंचे विवाह अवैध ठरवले, पण पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुष आजही धर्मगुरू होऊ शकतो. इस्लाम आणि ज्यू धर्म यांत अविवाहित राहणं आदर्श मानलं जात नाही.

शेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाने सगळ्याच अनुयायांना ब्रह्मचर्य सांगितलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्यांची हजारोंची वस्ती होती. आता बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यांची लाकडी खुर्ची मात्र जगभर गाजली.

जोडप्यातल्या एकाने परस्पर ब्रह्मचर्य घेणं हा दुसऱ्यावरचा निर्णय होतो. तिथे दोघांची संमती हवी.

मी धार्मिक नाही. मला याचा काय उपयोग?

जो इतरांना होतो तोच, फक्त कारण तुम्हाला स्वतः शोधावं लागतं. एक जुनं, पूर्ण ऐहिक उदाहरण सांगतो. १७९१ मध्ये ब्रिटनच्या संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला. तेव्हा मतदानाचा हक्कच नसलेल्या हजारो स्त्रियांनी आणि सामान्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर खाणं सोडलं, कारण ती गुलामांच्या श्रमातून येत होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने असं करणारे सुमारे ३ लाख होते. व्यापारबंदीचा कायदा १८०७ मध्ये झाला. तो साखर सोडल्यामुळेच झाला असं म्हणणं धाडसाचं ठरेल, पण विषय रोज घराघरांतल्या चहाच्या कपापर्यंत पोचला, एवढं खरं.

रोजच्या जगण्यात वर्जनाला खाण्यापिण्यापलीकडे बरीच जागा आहे. ठरावीक वेळ मौन. रात्री एका वेळेनंतर फोन दुसऱ्या खोलीत. महिनाभर नवी खरेदी बंद. एखाद्याबद्दल माघारी न बोलणं. हे करून पाहा, अन्नापेक्षा अवघड आहे. मी एकदा आठवडाभर तक्रार न करण्याचा नेम केला होता. पहिल्या दिवशी दुपारीच लक्षात आलं की माझ्याकडे बोलायला दुसरा विषयच नाही.

काय रोखावं आणि काय रोखू नये याची एक जुनी यादी चरकसंहितेत आहे. लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर यांचे वेग रोखावेत. पण देहाचे १३ वेग रोखू नयेत: मल-मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू वगैरे. रात्ररात्र जागून 'झोपेवर विजय' मिळवणाऱ्यांनी आणि रडू दाबणं म्हणजे संयम समजणाऱ्यांनी ही यादी वाचावी.

एकदम सोडावं की हळूहळू?

कशाबद्दल बोलतो आहोत त्यावर आहे, आणि इथे चूक जिवावर बेतू शकते.

दारू: रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, थरथर, ताप अशी अवस्था येऊ शकते आणि तिच्यात मृत्यूही होतो. 'मनाचा निग्रह कमी पडला' असं म्हणण्याचा हा प्रसंग नाही; मेंदूची रासायनिक घडी विस्कटलेली असते. रोज घेत असलेल्या झोपेच्या गोळ्यांचंही तसंच: त्या डॉक्टर सांगतील त्या वेगानेच कमी करायच्या.

तंबाखू आणि सिगारेट: एकदम सोडण्याने जीव धोक्यात येत नाही. चिडचिड, अस्वस्थता, भूक यांचा जोर पहिल्या २-३ दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि साधारण ३-४ आठवड्यांत तो ओसरतो. निकोटीनची च्युइंग गम किंवा पॅच वापरले तर टिकण्याची शक्यता वाढते. ती वापरणं म्हणजे लबाडी नाही.

चहा-कॉफी: १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं आणि काही दिवस दुखतं. ज्यांना फक्त उपवासाच्याच दिवशी डोकेदुखी होते त्यांनी भुकेआधी या बाजूला संशयाने पाहावं. आधीचा आठवडाभर प्रमाण कमी करत आणलं की त्रास वाचतो.

अफूवर्गीय अमली पदार्थ सोडलेल्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. त्यानंतर कोणी पूर्वीएवढंच प्रमाण घेतलं तर ते प्राणघातक ठरू शकतं.

पूर्ण बंदच करावं का? थोडंसं चालत नाही?

काहींना चालतं, काहींना नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे ठरवताना माणूस स्वतःशी फार उदार असतो. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने पूर्ण वर्जनाचा मार्ग धरला. 'फक्त आजचा दिवस' हे त्यांचं माप. ज्याला पहिला पेला दुसऱ्याकडे नेतो त्याला 'एकही नाही' हा नियम 'दोनच' या नियमापेक्षा सोपा जातो, कारण 'एकही नाही' मध्ये रोज संध्याकाळी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. गोड खाणं, फोन, खरेदी यांत मात्र कायमचं पूर्ण वर्जन बहुतेकांना जमत नाही आणि गरजेचंही नसतं. तिथे वेळेची किंवा जागेची कुंपणं घालावीत.

समाजावर कायद्याने लादलेलं वर्जन ही वेगळीच कथा. अमेरिकेने १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू केली आणि १९३३ मध्ये मागे घेतली.

२१ दिवसांत सवय सुटते, खरं का?

नाही. हा आकडा १९६० मधल्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून पसरला. त्याचे रुग्ण नव्या चेहऱ्याला सरावायला निदान तेवढे दिवस घेत. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. तेही सवय लावण्याबद्दल, सोडण्याबद्दल नव्हे.

नेम मोडला. आता?

आधी मराठीकडे पाहू. आपण उपास 'धरतो' आणि 'सोडतो'. जेवायला मिळालं नाही तर उपास 'घडतो'. आणि मध्येच तोंड घातलं तर 'मोडतो'. सोडणं आणि मोडणं यांत भाषेने स्पष्ट रेघ मारली आहे: एक रीतसर समाप्ती, दुसरा भंग. पण चुकून झालेल्याला कोणता शब्द?

त्याची सोय धर्मांनी करून ठेवली आहे, आणि माझ्या मते वर्जनाच्या सगळ्या परंपरेतली ही सर्वांत शहाणी गोष्ट. जैन पच्चक्खाण घेताना, म्हणजे नेम घेण्याच्या त्याच वाक्यात, अपवाद उच्चारले जातात. त्यांना आगार म्हणतात. 'अन्नत्थणाभोगेणं': विसरून झालं तर. 'सहसागारेणं': अचानक, नकळत तोंडात गेलं तर. आणि मोठ्या दुखण्यात समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावं लागलं तर. हे सगळं आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे तसं घडलं तरी नेम मोडत नाही. आपल्या धर्मशास्त्रात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींचा श्लोक आहे: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य (यज्ञात अर्पण करण्याजोगं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. इस्लाममध्ये विसरून खाल्लं-प्यालं तर रोजा तुटत नाही, आठवताच थांबायचं आणि पुढे चालू ठेवायचं. आजारी आणि प्रवासी यांना सूट आहे. राहिलेले दिवस नंतर भरून काढायचे.

आपण स्वतः केलेल्या नेमांत हे कलमच नसतं. 'आजपासून साखर बंद' एवढं म्हणतो आणि अकराव्या दिवशी कोणाच्या वाढदिवसाचा तुकडा तोंडात गेला की 'आता गेलाच नेम' म्हणून त्या रात्री उरलेला केकही संपवतो. व्यसनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी नेमकं हेच टिपलं होतं: एका घसरणीपेक्षा 'मी नालायकच' हा घसरणीनंतरचा निष्कर्ष माणसाला पूर्ण खाली नेतो. तुकड्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं उरलेल्या केकने.

तेव्हा मोडला तर: थांबा, काय घडलं ते एका ओळीत लिहून ठेवा (वेळ, जागा, सोबत कोण), आणि पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू करा. पुढच्या सोमवारपासून नव्हे.

कोणी उपवास करू नये?

इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं घेणारे (रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते), गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण, लहान मुलं, अशक्त वृद्ध. यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि निर्जळी तर नाहीच. ज्यांना कधी खाण्याचा आजार झाला आहे, म्हणजे वजनाच्या भीतीने उपाशी राहणं किंवा खाऊन मुद्दाम उलटी करणं, त्यांच्यासाठी उपवास ही सर्वांत सोयीची लपण्याची जागा असते. घरच्यांनी 'किती श्रद्धाळू' म्हणून कौतुक करण्याआधी नीट पाहावं. ज्यू धर्मात तर जीव धोक्यात असेल तर योम किप्पूरलाही खाणं हेच कर्तव्य आहे. आजारी माणसाने हट्टाने उपवास करणं कुठल्याच मोठ्या परंपरेला अपेक्षित नाही.

उपवासावर नोबेल मिळालं आहे म्हणे?

२०१६ चं वैद्यकाचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओहसुमी यांना मिळालं, ते पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरतात या यंत्रणेच्या शोधासाठी. त्यांचं मुख्य काम यीस्टवर होतं. उपासमारीत ही यंत्रणा जोर धरते हे खरं, पण त्यावरून 'महिन्यातून दोन उपवास केले की कर्करोग होत नाही' इथवर उडी मारायला नोबेल समितीने सांगितलेलं नाही. शरीरातली 'विषं' काढायला यकृत आणि मूत्रपिंडं बारा महिने कामावर असतात.

लोक आग्रह करतात, तेव्हा काय सांगायचं?

कमीत कमी. 'मी घेत नाही' हे वाक्य 'मला घ्यायचं नाहीये, म्हणजे सध्या जरा…' याहून चांगलं, कारण त्यात पुढच्या प्रश्नाला फट नाही. कारणं सांगितली की त्यांच्यावर वाद होतो. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची: आपण सोडलं म्हणून दुसऱ्याच्या ताटाकडे बघून उसासे टाकू नयेत. येशूने उपवास करणाऱ्यांना तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून वावरायला सांगितलं होतं, म्हणजे उपवास लोकांना दिसू नये. आणि कोणी नाही म्हटल्यावर 'आमच्यासाठी एवढंसं' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की समोरचा कदाचित दारू सोडून चौदावा दिवस मोजत असेल.

सुरुवात कशी करावी?

नेम एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात तीन गोष्टी असू द्या: काय, कधीपर्यंत, अपवाद कोणता. 'फोन कमी करणार' हा नेम होत नाही. 'पुढचे ३० दिवस रात्री १० नंतर फोन हातात घेणार नाही. घरचं कोणी बाहेर असेल तर घेईन' हा होतो. मुदत छोटी ठेवा, वाढवता येते. आवडती पण अनिवार्य नसलेली वस्तू निवडा. मुळात न आवडणारी गोष्ट सोडून पुण्य जोडण्याचा मार्ग आपल्याआधी बऱ्याच जणांनी शोधलेला आहे.

मोकळ्या झालेल्या वेळेचं काय करायचं तेही ठरवा. संध्याकाळी ७ ची सिगारेट गेली तरी संध्याकाळचे ७ रोज वाजतातच.

मुदत संपल्यावर?

ती रीतसर संपवा. एकादशीचं पारणं द्वादशीला ठरलेल्या वेळेत करणं हा व्रताचाच भाग आहे. रोजा सूर्यास्त होताच सोडावा, उगाच लांबवू नये, आणि ईदच्या दिवशी तर रोजा ठेवायलाच मनाई आहे. दीर्घ उपवास असेल तर पारणं वैद्यकीय दृष्टीनेही नाजूक असतं: पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाने एकदम भरपेट जेवल्यास रक्तातलं फॉस्फेट आणि इतर क्षार झपाट्याने घसरतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. थोडं, सावकाश, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

साध्या नेमाचं पारणं सोपं. ज्या वाक्याने सुरुवात केली ते काढा, तारीख बघा, आणि सोडलेली वस्तू एकदा पूर्ण लक्ष देऊन घ्या. माझा तीस दिवसांनंतरचा पहिला चहा फार गोड लागला. कपात साखर नेहमीइतकीच होती. दुसऱ्या दिवसापासून ती अर्धी केली.